‘प्रायव्हेट बाप्तिस्मा’ म्हणजे चोरून दिलेला नव्हे : जुनी इंग्रजी चर्च-रजिस्टरं वाचायला बसणाऱ्यांसाठी

पहिल्याच महिन्यात मी एक मूल मारलं. कागदावर. इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या अठराव्या शतकातल्या रजिस्टरचं लिप्यंतर करत होते. त्यात एकाच आईबापाच्या, एकाच नावाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी दिसल्या, मध्ये अकरा महिने. पहिलं मूल गेलं असणार आणि त्याचंच नाव पुढच्याला दिलं असणार, असा मी हिशेब केला. त्या काळी ही पद्धत होतीच. पहिल्यापुढे ‘मृत’ लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी पान परत पाठवलं, सोबत एकच प्रश्न : दफनाची नोंद कुठाय? ती नव्हतीच. दुसऱ्या नोंदीच्या शेवटी मात्र मी शाईचा डाग समजून सोडलेलं चार अक्षरांचं शेपूट होतं. त्याचा अर्थ होता ‘चर्चमध्ये स्वीकारलं’. मूल एकच होतं. घरी बाप्तिस्मा झाला होता आणि वर्षभराने त्याला चर्चमध्ये आणलं होतं.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख. बहुतेक माहिती चर्च ऑफ इंग्लंडच्या रजिस्टरांबद्दल आहे. वसई, गोवा आणि कंपनी सरकारच्या मुंबईतल्या नोंदींबद्दल शेवटी सांगते.

१. आधी शब्दाचा गैरसमज काढा

‘प्रायव्हेट’ वाचलं की आपण मनात ‘खाजगी’ म्हणतो आणि खाजगीला लगेच लपवाछपवीचा वास येतो. इथे तसं काही नाही. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात १५४९ पासूनच यासाठी वेगळा विधी छापलेला आहे : मुलांना घरी द्यायचा बाप्तिस्मा. म्हणजे ‘घरचा’ म्हणा, ‘खाजगी’ नको.

हा विधी अगदी आटोपशीर. प्रार्थना, मुलाचं नाव, डोक्यावर पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द. बाप्तिस्मा पूर्ण झाला, तो पुन्हा द्यायचा नाही. मूल जगलं तर त्याला चर्चमध्ये न्यायचं. तिथे धर्मपिता-धर्ममाता त्याच्या वतीने वचनं देणार, पाद्री कपाळावर क्रूसाची खूण करणार आणि मंडळी त्याला आपल्यात ‘स्वीकारणार’. आपल्याकडे कोर्टात लग्न करतात आणि महिन्याभराने हॉल घेऊन रिसेप्शन देतात, तसंच थोडंसं. लग्न कोर्टातच झालेलं असतं, पण गावाच्या लेखी रिसेप्शनच्या दिवशी.

लोकांच्या तोंडी मात्र या पहिल्या टप्प्याला ‘हाफ-बाप्टाइझ्ड’ म्हणत. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ‘अर्धा बाप्तिस्मा’ असं काही नसतं, पण शब्द रूढ होता. नॉरफकमधला पाद्री जेम्स वुडफर्ड आपल्या रोजनिशीत अशा मुलांबद्दल ‘घरी नाव ठेवलं’ असंच लिहितो. म्हणून नोंदीत नुसतं ‘नेम्ड’ दिसलं तरी कान टवकारा. (आपल्याकडे नावं ठेवणं हा वेगळाच विधी आहे, तो सोडा.)

२. नोंदीचा समास आणि शेपूट वाचा

पॅरिश रजिस्टरं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेलने १५३८ साली काढला. तेव्हापासून १८१२ पर्यंत नोंद कशी लिहायची हे बरंचसं पाद्र्याच्या मर्जीवर होतं. कुणी अर्ध्या ओळीत उरकतो, तर कुणी चार ओळी लिहितो. घरच्या बाप्तिस्म्याची खूण बहुधा तीन ठिकाणी सापडते : समासात, ओळीच्या शेवटी, नाहीतर नंतर वेगळ्या शाईने ओळींच्या मध्ये कोंबलेली.

शोधायचं ते असं : ‘प्रायव्ह.’, ‘प्राय. बॅप.’, ‘पी. बी.’, ‘ॲट होम’, ‘नेम्ड’ आणि दुसऱ्या टप्प्यासाठी ‘रेक्ड.’, ‘रिसीव्ह्ड’ किंवा ‘ब्रॉट टु चर्च’. एकट्या ‘पी’ अक्षरावर भरवसा ठेवू नका. ते ‘प्रायव्हेट’चं असू शकतं, ‘पब्लिक’चंही असू शकतं. आणि नोंद १७८३ ते १७९४ मधली असेल तर बहुतेक ‘पॉपर’चं, म्हणजे गरिबाचं असतं. त्या वर्षांत रजिस्टरमधल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स सरकारी कर होता आणि गरिबांना त्यातून माफी होती, म्हणून पाद्री ती खूण करून ठेवत. अशा वेळी त्याच पाद्र्याची मागची-पुढची दहा पानं चाळा. त्याच्या हातचा ‘पी’ कशासाठी येतो ते कळतं.

१ जानेवारी १८१३ पासून छापील रकान्यांची रजिस्टरं आली. वाचायला सोपी, पण आपल्या कामासाठी जरा कोरडी. जन्मतारखेला रकानाच नाही. घरच्या बाप्तिस्म्याची टीप कडेला कुठेतरी बसवलेली असते, त्यामुळे कडा कापलेली प्रत कधीही स्वीकारू नका. पूर्ण पानाचा फोटो मागा.

३. तारीख सरळ करून घ्या

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे रजिस्टरात ‘१० फेब्रुवारी १७०१’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १७०२. हे विसरलात तर घरचा बाप्तिस्मा डिसेंबरात आणि चर्चमधला स्वीकार त्याच्या दहा महिने ‘आधी’ फेब्रुवारीत, असला चमत्कार पदरी पडतो. तारीख उतरवताना १७०१/२ अशी जोडून लिहायची. शिवाय १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. त्या महिन्याच्या आसपासचे दिवस मोजताना मधले अकरा दिवस वजा करा.

४. दोन तारखांमधलं अंतर मोजा

खरी गंमत इथे आहे, म्हणून तीन प्रसिद्ध मुलं शेजारी ठेवून दाखवते.

पुढे राजा झालेला तिसरा जॉर्ज १७३८ साली लंडनमध्ये जन्मला तो दोन महिने आधी. जगेल असं कुणाला वाटेना. त्याच दिवशी ऑक्सफर्डचे बिशप टॉमस सेकर यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. मूल तगलं. महिन्याभराने नॉरफक हाउसमध्ये त्याच सेकर यांच्या हातून थाटात सार्वजनिक विधी झाला. जन्माच्याच दिवशी पाणी, याचा अर्थ सरळ आहे : भीती.

दुसरी जेन ऑस्टिन. हॅम्पशरमधल्या स्टीव्हंटनला १६ डिसेंबर १७७५ ला जन्म. दुसऱ्याच दिवशी घरी बाप्तिस्मा, वडिलांच्याच हातून, कारण वडीलच तिथले रेक्टर, म्हणजे त्या चर्चचे पाद्री. चर्चमध्ये नेलं ते ५ एप्रिल १७७६ ला. मध्ये ११० दिवस. नवखा वाचक म्हणेल, पोर अशक्त असणार. पण १७ डिसेंबरलाच वडिलांनी नातेवाइकांना लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. त्यात काळजीचा सूर नाही. उलट बाळ ठरल्या वेळेपेक्षा इतकं उशिरा आलं की या वयात आमचा हिशेब चुकला, अशी थट्टा आहे, आणि मोठीला खेळायला बहीण मिळाली याचा आनंद. मग घरी का? पंचांग काढा : १७ डिसेंबर १७७५ हा रविवार होता. बाप त्या दिवशी चर्चमध्ये उभा असणारच, तरी बाळाला त्याने तिथे नेलं नाही. तो हिवाळा भयंकर होता. त्याच परगण्यातल्या सेलबॉर्नला निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइटने जानेवारी १७७६ मधल्या बर्फाच्या आणि खाली घसरलेल्या पाऱ्याच्या नोंदी करून ठेवल्यात. आणि ५ एप्रिल म्हणजे त्या वर्षीचा गुड फ्रायडे. थंडी सरली, सणाला पाहुणे आले, पोरीला चर्चमध्ये नेलं, असा अंदाज मी करते. अंदाजच, पण पत्र, वार आणि हवामान या तीन पायांवर उभा असलेला.

तिसरा होरेशियो नेल्सन. त्याचेही वडील पाद्रीच, नॉरफकमधल्या बर्नम थॉर्पचे. जन्म २९ सप्टेंबर १७५८, घरचा बाप्तिस्मा ९ ऑक्टोबरला, चर्चमधला स्वीकार १५ नोव्हेंबरला. इथे पहिलं अंतर बघा : दहा दिवस. मरणाची धास्ती असती तर दहा दिवस कोण थांबलं असतं? दुसरं अंतर सहा आठवड्यांच्या आतलं. धर्मपित्यांमध्ये वॉलपोल घराण्याचे लॉर्ड. अशा थोरांची सवड बघून चर्चमधला मुहूर्त धरला जाणं अगदी शक्य आहे.

एवढ्यावरून एक ठोकताळा धरायला हरकत नाही. जन्म ते घरचा बाप्तिस्मा, हे पहिलं अंतर मुलाच्या तब्येतीबद्दल बोलतं. घरचा बाप्तिस्मा ते चर्च, हे दुसरं अंतर कुटुंबाबद्दल. अडचण अशी की बहुतेक नोंदींत जन्मतारीख नसते. यॉर्कमधल्या विल्यम डेड या पाद्र्याने १७७० च्या दशकात जन्मतारीख, कितवं अपत्य, आजी-आजोबांची नावं असं सगळं लिहायची पद्धत काढली, आणि यॉर्कच्या पट्ट्यात अनेकांनी ती उचलली. तुमचं गाव तिकडचं असेल तर नशीबवान आहात.

५. दफनाचं रजिस्टर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका

जे मी केलं नाही ते. घरच्या बाप्तिस्म्यानंतर चर्चमधली नोंद सापडत नाही? लगेच दफनाच्या नोंदी बघा, पहिले दोन महिने तर ओळ न् ओळ. तिथेही नाही? मग मूल जगलं, पण कुणी चर्चला नेलंच नाही, ही शक्यता मोठी आहे. पाद्री याबद्दल सारखे कुरकुरत असत.

उलटंही होतं. दफन आहे, बाप्तिस्मा नाही. पाद्री रात्री कुणाच्या घरी पाणी ओतून आला, रजिस्टर चर्चच्या पेटीत कुलूपबंद, सकाळी लिहू म्हणता म्हणता राहिलं. काही पाद्री चर्चमध्ये आणल्याशिवाय नोंदच करत नसत. त्यामुळे ‘बाप्तिस्मा सापडला नाही’ आणि ‘बाप्तिस्मा झाला नाही’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी लिहू नका.

६. आता कारण शोधा, सावकाश

कायदा काय म्हणत होता ते आधी लक्षात घ्या. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे जन्मानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी मुलाला चर्चमध्ये आणायचं, आणि फार मोठ्या निकडीशिवाय घरी बाप्तिस्मा करवून घ्यायचा नाही. घरचा बाप्तिस्मा हा अपवाद होता. लोकांनी तो सोयीचा करून घेतला.

मरणाची भीती हे सगळ्यात जुनं कारण. त्यात फक्त आत्म्याची काळजी नव्हती. त्याच १६६२ च्या पुस्तकाप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्या मुलाच्या दफनाला अंत्यविधीची प्रार्थना म्हणायची नाही. बाळ गेलं आणि वर प्रार्थनाही नाही, हे कुठल्या आईला सोसेल? रिफॉर्मेशनच्या (सोळाव्या शतकातल्या चर्च-सुधारणेच्या) आधी आणि नंतरही काही काळ सुईणी स्वतःच पाणी ओतत. १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीनंतर प्रार्थनापुस्तक बदलून हा अधिकार फक्त रीतसर पाद्र्याला ठेवला. त्याच वर्षीच्या चर्च-नियमांनी पाद्र्यालाही बांधलं : मूल अत्यवस्थ आहे असं कळूनही तो गेला नाही आणि मूल तसंच दगावलं, तर तीन महिने निलंबन. मध्यरात्री दार वाजल्यावर पाद्री का उठत असे, याचं एक उत्तर या नियमात आहे.

बाळंतिणीचा प्रश्न होता. आपल्याकडे सव्वा महिना, तिकडेही साधारण महिनाभर बाई घरात. मग चर्चमध्ये जाऊन शुद्धीकरणाचा, आभाराचा विधी, तेव्हा ती बाहेर पडायला मोकळी. दोन रविवारांत बाप्तिस्मा म्हणजे आई बहुधा हजर नाही. घरी केला तर ती पलंगावरून का होईना, बघू शके.

पैसा दोन्ही बाजूंनी काम करी. गरिबाला धर्मपिता-धर्ममातांचा मान, खाणंपिणं, सुईणीला-कारकुनाला हातावर काहीतरी, हे सगळं जड जाई. घरी गुपचूप पाणी ओतून घेतलं की निदान तूर्त भागलं. करही नोंदीवर होता, पाण्यावर नव्हता. श्रीमंतांचं उलट. अठराव्या शतकात दिवाणखान्यात चांदीच्या भांड्यातून बाप्तिस्मा ही चक्क फॅशन झाली. गावकऱ्यांच्या रांगेत थंडगार दगडी चर्चमध्ये कशाला उभं राहायचं? म्हणून नोंदीतला बापाचा धंदा आणि हुद्दा बघितल्याशिवाय ‘बिचारं आजारी बाळ’ असं लिहू नये. ड्यूकच्या आणि मजुराच्या घरचा बाप्तिस्मा रजिस्टरात एकाच शब्दाने येतो.

मग धर्माचं राजकारण. याची तपासणी नोंदीच्या वर्षावरून सुरू करा. १६४५ मध्ये पार्लमेंटने प्रार्थनापुस्तक बंद करून नवी नियमावली आणली. तिच्यात घरी बाप्तिस्मा द्यायला मनाई. झालं असं की जुन्या रीतीला चिकटलेल्या कुटुंबांना चर्चमध्ये जुना विधी मिळेना, म्हणून ते पदच्युत पाद्र्यांना घरी बोलावू लागले. रोजनिशीकार जॉन एव्हलिनने १६५२ साली आपल्या मुलासाठी असाच पाद्री बोलावला, कारण गावच्या पाद्र्याची जुन्या पद्धतीने विधी करायची छाती नव्हती. हा बाप्तिस्मा मात्र खरोखर ‘खाजगी’ म्हणावा असा. उलट टोकाला प्युरिटन वळणाचे लोक, म्हणजे चर्चमधले जुने कॅथलिक विधी काढून टाकू पाहणारे. त्यांना क्रूसाची खूण आणि धर्मपिते दोन्ही नकोत. घरच्या विधीत दोन्ही नव्हतं, म्हणून ते पहिल्या टप्प्यावरच थांबत. आणि कॅथलिक : १६०६ च्या कायद्याने महिन्याच्या आत अधिकृत पाद्र्याकडून बाप्तिस्मा न घेतल्यास १०० पौंड दंड. घरी लपलेल्या कॅथलिक धर्मगुरूकडून खरा बाप्तिस्मा, आणि कागदापुरता अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचा), अशी दुहेरी चाल खेळलेली घराणी होती. स्कॉटलंड वेगळा देश समजा. तिथे घरच्या बाप्तिस्म्याला परवानगी देणं (पर्थची चर्च-सभा, १६१८) हेच मोठ्या भांडणाचं कारण झालं, आणि १६३८ च्या ग्लासगो सभेने ती मोडीत काढली.

अनौरस मूल, लांबचं चर्च, पूर, देवी-गोवराची साथ, परदेशी गेलेला बाप. ही कारणंही खरी, पण शेजारच्या नोंदीत पुरावा मिळाला तरच लिहा. एकाच आठवड्यात चार घरचे बाप्तिस्मे आणि सहा दफनं दिसली, तर साथ म्हणायला हरकत नाही.

७. मुंबई, वसई, गोवा

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत, आणि बऱ्याचशा आता ऑनलाइन बघता येतात. इथे घरचा बाप्तिस्मा आणि मोठमोठी अंतरं दिसली की आजार शोधत बसू नका. लहान छावणीत चॅप्लेन (कंपनीचा पाद्री) मुक्कामाला नसे, फेरीवर येई. तो आला की तीन भावंडं एका दिवशी, हे नेहमीचं.

वसई किंवा गोव्याचं घराणं शोधत असाल तर गणित निराळं. कॅथलिकांत स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) निकड असेल तेव्हा पाणी कुणीही ओतू शकतं, सुईणसुद्धा, आणि तो अधिकार इंग्लंडसारखा काढून घेतला गेला नाही. मूल वाचलं की धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये नेऊन पवित्र तेल लावायचं आणि उरलेले विधी करायचे. पोर्तुगीज नोंदीत ‘एम काज़ा’ म्हणजे घरी, ‘पोर नेसेसिदाद’ म्हणजे निकडीपोटी, आणि ‘सांतूस ओलेउश’ म्हणजे पवित्र तेलं. लॅटिनमध्ये ‘सुब कोंदित्सिओने’ दिसलं तर सशर्त : घरचं पाणी नीट पडलं होतं की नाही याची धर्मगुरूला खात्री नव्हती, म्हणून ‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून पुन्हा दिलेला. हा दुसरा बाप्तिस्मा नव्हे आणि दुसरं मूल तर नव्हेच.

८. उतरवून ठेवताना

वंशावळीच्या तक्त्यात बाप्तिस्म्याला एकच रकाना असतो. त्यात घरची तारीख टाका, कारण बाप्तिस्मा तोच. चर्चमधली तारीख टिपेत, ‘स्वीकार’ असं नाव देऊन. खुणेचे मूळ शब्द जसेच्या तसे, संक्षेप न सोडवता. तुमचा अर्थ चौकटी कंसात. कारणाचा रकाना असेल आणि पुरावा नसेल तर तो कोरा सोडायचा. तपासणाऱ्या बाई कोऱ्या रकान्याबद्दल काही बोलत नाहीत, भरलेल्याबद्दल बोलतात.

आणि पेन्सिलने ‘मृत’ लिहायचं असेल तर आधी दफनाच्या रजिस्टरचं पान क्रमांकासह लिहा. माझ्या त्या पोराचं पुढे लग्न झाल्याचं त्याच गावच्या रजिस्टरात सापडलं. त्याने सही करायच्या जागी फुली मारली आहे.